मूल गावात, थेरपी जिल्ह्याला

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, कोल्हापूर.

प्रत माहितीसाठी : सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत कबनूर, ता. हातकणंगले.

विषय : विकासात मागे पडणाऱ्या तीन वर्षांखालील मुलांसाठी कबनूरमध्ये आठवड्यातून एक दिवस थेरपीची सोय करण्याबाबत.



मूल दहा महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दोन वर्षे उलटली तरी एक शब्द बोलत नाही. अशा मुलासाठी सरकारी कागदावर आज बरेच काही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्यासाठी फिरती पथके, अंगणवाडीत वर्षातून दोनदा भेट, आणि संशयित मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात ते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ नुसार जोखमीची मुले हुडकण्यासाठी प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हायला हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती ठरवून दिली आणि मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या उद्दीपनासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. तेव्हा योजना कमी आहेत, अशी या पत्राची तक्रार नाही. तक्रार एवढीच की मूल ओळखण्याचे काम आपण गावात ठेवले आणि ओळखल्यानंतरचे काम जिल्ह्याला ठेवले. त्यातले पहिले काम वर्षातून एक-दोनदा करायचे आहे, दुसरे आठवड्यातून एक-दोनदा. जे वारंवार करायचे तेच लांब ठेवल्यामुळे साखळी नेमकी तिथे तुटते. म्हणून थेरपीचा नित्याचा भाग कबनूरमध्ये आणावा, हे या पत्राचे एकमेव म्हणणे आहे.

कबनूर इचलकरंजीला लागून आहे आणि इचलकरंजीप्रमाणेच मागावर जगते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, त्याचा पसारा वाढत वाढत आसपासच्या गावांत आला. मागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर, मीटरच्या आणि पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने. कांडी भरणाऱ्या बाईचेही तेच, जेवढे काम तेवढे पैसे. ज्या दिवशी माणूस कारखान्यात नाही, त्या दिवशीचा खाडा. आता या घरातल्या मुलाला आठवड्यातून दोनदा थेरपी लागते असे धरू. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जायचे, एसटीची वाट पाहायची, केंद्रात नंबर लावायचा, पाऊण तास थेरपी घ्यायची आणि परत यायचे, यात दिवस मोडतो. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ खाडे, शिवाय दोन माणसांचे भाडे, शिवाय मागे ठेवलेल्या थोरल्या मुलाची व्यवस्था. सेवा मोफत आहे हे खरे. पण तिच्यापर्यंत जाणे मोफत नाही. असे घर एकदा जाते, दोनदा जाते, मग ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणते आणि थांबते. याला पालकांची बेफिकिरी म्हणणे सोपे आहे. पण महिन्याच्या पगारावरचा, हक्काच्या रजा असलेला माणूससुद्धा मुलासाठी महिन्याला आठ रजा वर्षभर काढू शकणार नाही. मग रोजंदारीवरच्या माणसाकडून ती अपेक्षा कशी करायची? इकडे आपल्या रजिस्टरमध्ये मात्र त्या मुलापुढे ‘संदर्भित’ असा शेरा पडलेला असतो आणि अहवालापुरते काम पूर्ण झालेले असते. किती मुले वर पाठवली हे आपण मोजतो. त्यांतली किती मुले सहा महिन्यांनी अजून थेरपी घेत आहेत, हे मोजले तरच या कार्यक्रमाचे खरे यश कळेल.

यावर कोणी म्हणेल की थेरपी हे तज्ज्ञाचे काम, ते रुग्णालयातच व्हायला हवे. इथे थेरपी म्हणजे नेमके काय हे जवळून पाहावे लागते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत ती इंजेक्शनासारखी तज्ज्ञाने देऊन संपणारी गोष्ट नाही. फिजिओथेरपिस्ट मुलाला पालथे घालून छातीखाली गुंडाळलेला टॉवेल देतो, समोर खुळखुळा धरतो, मान किती वेळ उचलली जाते ते पाहतो आणि मग टॉवेल आईच्या हातात देऊन तिच्याकडून तेच करून घेतो. स्पीच थेरपिस्ट सांगते की बिस्किट मुलाच्या हातात लगेच देऊ नका, डोळ्यांसमोर धरा, ‘हवं?’ असे विचारा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत थांबा. मूल तुमच्याकडे बघेल, हात पुढे करेल, एखादा आवाज काढेल. त्यातले जे काही करेल त्याला उत्तर म्हणून बिस्किट द्या. दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टी दिवसातून वीस वेळा, महिनोन्‌महिने, योग्य रीतीने करणे म्हणजेच थेरपी. आठवड्यातला पाऊण तास तज्ज्ञाचा असतो. बाकीचा सगळा आठवडा घराचा असतो. तज्ज्ञ लागतो तो मुलाची नीट पारख करायला, काय करायचे ते ठरवायला, आई चुकत असेल तिथे हात धरून दाखवायला आणि मूल पुढे सरकले की पुढचा धडा द्यायला. त्यातली पहिली पारख जिल्ह्याला व्हावी, त्याला हरकत नाही. पण शिकवण आणि उजळणी मूल राहते तिथेच झाली पाहिजे, कारण कबनूरच्या दहा बाय दहाच्या खोलीत काय शक्य आहे हे कोल्हापूरच्या रंगीत गाद्यांच्या खोलीत बसून ठरवता येत नाही. महागडी खेळणी लागतात हाही गैरसमज आहे. सुताचे रिकामे कोन एकावर एक रचणे, वाटीत चमचा वाजवणे, परकराच्या कपड्याआड चेहरा लपवून पुन्हा दाखवणे, हे साहित्य कबनूरमध्ये घरोघरी आहे.

घरी जाऊन, साध्या साहित्यानिशी, तज्ज्ञ नसलेल्या माणसाने दिलेल्या अशा शिकवणीचा उपयोग होतो का? होतो, आणि त्याचा पुरावा मोजूनमापून घेतलेला आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात नऊ ते चोवीस महिने वयाची, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली गेली. त्यांतल्या काही गटांच्या घरी स्थानिक आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षे दर आठवड्याला एक तास जाई आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई उरलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. हा निष्कर्ष २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुले कुपोषित होती, दिव्यांग म्हणून निवडलेली नव्हती, ही मर्यादा मान्य करून आपल्या शेजारचे उदाहरण घेऊ. गोव्यातील ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकारी यांनी मिळून स्वमग्नता असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर एक अभ्यास केला. पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा हे शिकवले ते तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी. पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याच्या मापावर मात्र सुधारणा दिसली नाही, हेही अभ्यासकांनी लपवले नाही. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांवरच्या अनेक अभ्यासांचा ‘कॉक्रेन’ या संस्थेने घेतलेला आढावाही असेच संयत बोलतो: बुद्धीच्या वाढीतला फायदा शाळेपूर्वीच्या वयापर्यंत टिकतो, त्यानंतर तो तसाच राहतो असे म्हणता येत नाही. लवकर थेरपी दिली की प्रत्येक मूल बरे होते, असा दावा म्हणूनच कोणी करू नये. तसा दावा करणाऱ्यांपासून पालकांनी चार हात लांब राहावे. पण वेळेवर शिकवलेले घर आणि न शिकवलेले घर यांत मुलाच्या वाट्याला येणारा फरक खरा आहे, आणि तो मिळवायला मोठे रुग्णालय लागत नाही, एवढे या पुराव्यावरून निश्चित म्हणता येते.

हे सगळे तीन वर्षांच्या आतच का, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर कानाच्या बाबतीत मिळते. अमेरिकेतील कोलोरॅडोत १९९८ साली झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या बाळांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखून उपाय सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली वाढली. म्हणूनच एक महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय, असे वेळापत्रक जगभर मानले जाते. कबनूरसाठी याला एक जादा अर्थ आहे. मागांच्या खडखडाटाला लागून घर असेल तर मूल हाकेला ओ देत नाही ते गोंगाटामुळे, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पाठीमागून टाळी वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षाही फसवी असते. हवेचा झोत, सावली किंवा जमिनीचा हादरा जाणवून बहिरे मूलही वळते. अशा मुलाला यंत्रावरची श्रवणचाचणी लागते, आणि ती दोन वर्षांनी नव्हे, पहिल्या वर्षातच. आता आपले वेळापत्रक पाहा. जन्मानंतर बेचाळीस दिवस आशाताई घरी येतात. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना त्यांची गृहभेट ठरलेली आहे. पंधराव्या महिन्यानंतर ठरलेली भेट नाही. आणि न बोलणे, नजर न देणे, बोटाने न दाखवणे ही लक्षणे डोळ्यांत भरू लागतात ती नेमकी त्यानंतर. तपासणी पथक अंगणवाडीत येते, पण तीन वर्षांखालचे मूल अंगणवाडीत रोज बसतच नाही. त्याचा घरपोच आहार घ्यायला आई एकटी येते, मूल घरीच राहते. पथकाच्या एका फेरीला जे मूल सुटले त्याला पुढच्या फेरीपर्यंत सहा महिने थांबावे लागते. दीड वर्षाच्या मुलाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. यावर उपाय नवा खर्च न करता होण्यासारखा आहे. गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसला नऊ महिन्यांचे आणि दुसऱ्या डोसला व डीपीटीच्या बूस्टरला सोळा ते चोवीस महिन्यांचे जवळजवळ प्रत्येक मूल सिस्टरसमोर येते. माता व बालसंरक्षण कार्डात विकासाचे टप्पे छापलेलेच आहेत. लस टोचण्यापूर्वी ते पान उघडून आईला चार प्रश्न विचारायचे आणि त्याची नोंद करायची, एवढे बंधनकारक केले तरी बरीच गळती थांबेल.

पहिला आक्षेप सरकारी नाही, घरातला आहे. ‘बोलेल की, याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला.’ ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘घरात कानडी, गल्लीत मराठी, मोबाइलवर हिंदी, मग पोर गोंधळणारच.’ या वाक्यांत तथ्याचा अंश आहे. प्रत्येक मूल आपल्या वेगाने वाढते आणि उशिरा चालणारी बरीच मुले पुढे ठणठणीत असतात. पण ‘आपला वेग’ किती ढिला असू शकतो यालाही हद्द आहे, आणि ती मोजलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये सांगितले की आधाराशिवाय चालण्याची वेळ ८.२ ते १७.६ महिने या पट्ट्यात येते. म्हणजे नऊ महिन्यांना चालणारे मूल आणि सतरा महिन्यांना चालणारे मूल, दोन्ही ठीक. अठरा महिने पुरे होऊनही न चालणारे मूल मात्र तपासायलाच हवे. अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या चार देशांतील सुमारे पाच हजार मुलांवरचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला, त्यात भारतातले काम मुंबईच्या ‘उम्मीद’ बालविकास केंद्राचे होते. जवळजवळ सगळे टप्पे मुलगे आणि मुली सारख्याच वयात गाठतात, असे त्यात आढळले. भाषांचेही तसेच. दोन भाषांच्या घरात वाढल्याने भाषेचा विकार जडत नाही. असे मूल दोन्ही भाषांत मिळून शब्द गोळा करत असते, तेव्हा शब्द मोजताना कानडी आणि मराठी दोन्ही मोजावेत, एवढीच काळजी घ्यायची. त्या घरातल्या आजीने नातवाशी कानडी बोलणे बंद करू नये. ‘थांबून पाहू’ या सल्ल्यातली खरी अडचण अशी की तो चुकला तर गेलेली वर्षे परत मिळत नाहीत, आणि तपासणी अनावश्यक ठरली तर नुकसान होते ते फार तर एका सकाळचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एवढ्याशा मुलावर शिक्का मारायचा का? हा धसका पालकांना असतो तसा अंगणवाडीच्या ताईंनाही असतो. ‘तुमचे मूल मागे आहे’ असे शेजारच्या घरात जाऊन कोण सांगणार? २०१८ च्या ‘प्लॉस मेडिसिन’मधील अभ्यासात देशातील पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे १२ टक्के मुलांत मेंदूच्या विकासाशी संबंधित एक तरी अडचण आढळली. यांत सौम्य अडचणीही आल्या आणि ऐकण्या-पाहण्याचे दोषही. हा आकडा कबनूरला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्रश्न दोन-चार घरांचा नाही, एवढे त्यावरून समजते, आणि जी गोष्ट इतक्या घरांत आहे तिला लाजण्याचे कारणही उरत नाही. शिक्क्याच्या भीतीवर उपाय आहे तो थेरपीला निदानापासून सोडवण्याचा. मान न धरणाऱ्या बाळाला मान धरायला शिकवण्यासाठी निदान काय हे ठरेपर्यंत थांबावे लागत नाही. आधी काम सुरू करता येते, नाव नंतर सापडते, कधी सापडतही नाही. आपली व्यवस्था मात्र प्रमाणपत्राभोवती फिरते. चाळीस टक्क्यांचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड असल्याशिवाय बहुतेक लाभ मिळत नाहीत. बौद्धिक विकासाच्या बाबतीत एक ते पाच वर्षे वयात ‘सर्वांगीण विकासातील विलंब’ असेच निदान लिहायचे असते आणि दाखलाही तात्पुरता असतो, कारण या वयात मूल बदलत असते. ज्या वयात शासन स्वतःच पक्का शिक्का मारू नका म्हणते, त्या वयातल्या थेरपीसाठी दाखल्याची अट घालणे विसंगत आहे. कबनूरच्या केंद्रात येण्यासाठी एकच पात्रता असावी: कार्डावरचा टप्पा हुकला आहे.

तिसरा आक्षेप आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या वतीने आहे, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. त्यांच्यावर आधीच वजन-उंचीपासून पोषण ट्रॅकरपर्यंत आणि सर्वेक्षणांपासून निवडणुकीच्या कामापर्यंत सगळे लादलेले आहे. मानधनासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागते. त्यात ‘आता थेरपीही तुम्हीच करा’ म्हणणे अन्याय होईल आणि कामही होणार नाही. पण गावातली बाई हे काम करू शकणार नाही, असे जे म्हणतात, त्यांना उत्तर आपल्याच राज्याने दिलेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचा श्वास आणि जंतुसंसर्ग हे फक्त डॉक्टरांचे क्षेत्र मानले जात असताना तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला आणि पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी त्याच पायावर उभ्या राहिल्या. तिथे यश मिळाले ते तीन गोष्टींमुळे: काम नेमके ठरवलेले होते, प्रशिक्षण पुन्हा पुन्हा होते आणि वरून नियमित देखरेख होती. गडचिरोलीतून धडा घ्यायचा तो या तिन्हींचा, निव्वळ ‘बायकांकडून करून घ्या’ असा नव्हे. म्हणून सगळ्या सेविकांना एक दिवसाची कार्यशाळा देऊन मोकळे होऊ नये. गावापुरत्या दोन-तीन इच्छुक जणी निवडाव्यात, डीईआयसीत त्यांना प्रत्यक्ष कामातून शिकवावे, दर गृहभेटीचा वेगळा मोबदला द्यावा, आणि आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट व स्पीच थेरपिस्ट कबनूरला येऊन त्यांचे काम तपासतील, मुले पाहतील, चुकते तिथे दुरुस्त करतील, अशी सोय करावी. तज्ज्ञ कमी आहेत, हे खरे. म्हणूनच एका तज्ज्ञाने एका दिवसात एका गावातली पंधरा घरे आणि तीन कार्यकर्त्या गाठणे हा त्याच्या वेळेचा अधिक चांगला उपयोग आहे. तोच दिवस तो केंद्रात बसून राहिला, तर त्याच पंधरा घरांतली बहुतेक वाटेत गळालेली असतात.

पैशाचा आक्षेप येणारच. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. पाच टक्क्यांतून वैयक्तिक लाभ देता येतात तसे सामूहिक सोयींवरही खर्च करता येतो. अनेक ग्रामपंचायतींत ही रक्कम वर्षाकाठी दाखलेधारकांमध्ये वाटली जाते. त्या वाटपावर अवलंबून असलेल्या प्रौढ दिव्यांगांच्या तोंडचा घास काढून मुलांना द्यावा, असे मी म्हणत नाही. तो वाद लावणे दोघांच्याही हिताचे नाही. खोली, गाद्या, साहित्य आणि कार्यकर्त्यांचा मोबदला हा खर्च महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून बसू शकतो, कारण तीन वर्षांखालचे मूल आणि त्याची आई हेच त्या निधीचे पहिले मानकरी आहेत. तज्ज्ञांचा पगार सरकारी कार्यक्रमातून आधीच निघतो. बदलायचे आहे ते त्यांचे आठवड्याचे वेळापत्रक आणि गाडीची फेरी. ज्या मुलांना पुढे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळेल, त्यांच्या घरांना नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्याचा अर्ज त्याच खोलीत भरून द्यावा. एक लाखापर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचा खर्चही धरतात आणि बऱ्याच पालकांपर्यंत ही माहिती पोचलेली नाही. इचलकरंजी-कोल्हापूरला खासगी केंद्रे आहेत, हे उत्तर त्यांची फी परवडणाऱ्या घरांपुरते खरे आहे. शासनाला विचारायचा प्रश्न उरलेल्या घरांचा आहे.

शेवटची अडचण कोणी आक्षेप म्हणून मांडत नाही, पण सगळ्यात जास्त मुले तिथेच हरवतात. अंगणवाडी, आशा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आपल्या जिल्हा परिषदेकडे. डीईआयसी आणि इचलकरंजीचे आयजीएम रुग्णालय राज्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. सवलतींचा विषय २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. इचलकरंजीची २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, तिची आरोग्य व्यवस्था वेगळी. कबनूर आणि इचलकरंजी यांच्यामधली हद्द नकाशावर आहे, रस्त्यावर दिसत नाही. भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब माग बदलला की खोली बदलते, हद्द ओलांडते आणि त्या क्षणी मुलाची नोंद एका यादीतून निघते, पण दुसरीत चढेलच असे नाही. परप्रांतातून आलेल्या कामगाराच्या मुलाची तर आधीची नोंदही हाती नसते. यांपैकी कोणी आपले काम केले नाही, असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरते केले. मात्र त्या मुलासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जबाबदार असा एकही माणूस नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जो प्रयोग केला, त्याचे तत्त्व साधे होते: मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना देशाला या प्रयोगाने दिली. थेरपीच्या बाबतीत तेच तत्त्व लागू करायला नवा कायदा लागत नाही, आपल्या सहीचा आदेश पुरतो.

म्हणून आपल्याकडे पाच मागण्या आहेत. एक, जिल्हा शल्यचिकित्सकांशी समन्वय करून डीईआयसीच्या थेरपिस्टांचा आठवड्यातला एक दिवस कबनूरसाठी ठरवावा आणि तो मागांच्या सुट्टीच्या दिवशी असावा, म्हणजे बापही मुलाला घेऊन येऊ शकेल. दोन, नऊ महिन्यांच्या आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या लसीकरणाला विकासाच्या टप्प्यांची नोंद सक्तीची करावी. तीन, थेरपी सुरू करण्यासाठी दाखल्याची किंवा पक्क्या निदानाची अट नसावी, आणि कबनूर-इचलकरंजी हद्दीच्या कोणत्याही बाजूचे मूल परत पाठवले जाऊ नये. चार, प्रत्येक नोंदलेल्या मुलामागे एका कार्यकर्तीचे नाव लिहावे. कुटुंब हलले तर नव्या ठिकाणी फोन करून मूल तिथे पोचले की नाही, हे पाहणे तिचे काम असावे आणि त्याचा मोबदला तिला मिळावा. पाच, वर्षाच्या शेवटी दोन आकडे कबनूरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत: किती मुलांमध्ये विलंब आढळला, आणि त्यांपैकी किती मुले सहा महिन्यांनंतरही थेरपी घेत होती. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावरही आला नाही, तर हा प्रयोग चुकला असे मानून पद्धत बदलावी. तो वर राहिला, तर हातकणंगले तालुक्यातल्या पुढच्या गावाचा दिवस ठरवावा. आदेशाची तारीख कळवलीत, तर खोली मोकळी करून देण्याचा ठराव ग्रामपंचायतीकडून करून घेण्यासाठी आम्ही ग्रामस्थ पुढे येऊ.

कळावे,
कबनूर येथील एक रहिवासी